वकीलसाहेबांच्या गाडीचं तेल

रोज संध्याकाळी पोर्चमध्ये चार-पाच माणसं चहाला बसली की वकीलसाहेब खुर्चीतून उठायचे, गाडीचं बोनेट उघडायला लावायचे आणि इंजिनातली तेल बघायची काडी स्वतः ओढून काढायचे. खिशातल्या पांढऱ्या रुमालानं ती पुसायचे, आत घालायचे, पुन्हा काढायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. काडीवर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेला असलं की पुरेसं, खालच्या खुणेच्याही खाली गेलं की इंजिनाला धोका. यात एवढंच आहे. पण ते ती काडी अशी धरायचे की बघणाऱ्याला वाटावं, फार मोठी तपासणी चालली आहे. मग काळा झालेला रुमाल माझ्या वडिलांच्या हातात द्यायचे. तो धुवायचा कुणी, हे सांगायची गरज नसे.

गाडीतलं त्यांना एवढंच कळत होतं. हे मी रागानं लिहितोय असं वाटेल. राग होता, पण तो बराचसा निघून गेला आहे. जे उरलंय त्याला काय म्हणावं याचा मी विचार करतो, आणि तुच्छता हाच शब्द सापडतो. कॉलेजात शिकणाऱ्यानं मोठ्या माणसांविषयी असं लिहावं का, हे मला नीट ठरवता आलेलं नाही. तरी लिहितो.

मी सध्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच. आमचं गाव मोहोळच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून दोन मैल आत. आई आणि बहीण तिथंच असतात. वडील, म्हणजे आबा, सोलापुरात या वकीलसाहेबांचे ड्रायव्हर होते. बंगल्याच्या मागं एक खोली होती, तीत आम्ही दोघं राहायचो. खोलीत विजेचा दिवा होता. कॉलेज शिकणं मला जमलं त्यात त्या दिव्याचा वाटा मोठा आहे, हे नाकारून चालणार नाही.

गाडी विलायती, काळी, माझ्यापेक्षा वयानं मोठी. तिच्यातला मैलांचा आकडा एकदा पुरा फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झाला होता, आणि दुसऱ्या फेरीतही निम्म्याच्या पुढं गेला होता. वकीलसाहेब आठवड्यातून दोनदा मोहोळच्या तहसील कचेरीत जमिनींच्या प्रकरणांसाठी जायचे, कधी वैरागला. मागच्या वर्षी थंडी सुरू झाली तशी काडीवरची तेलाची रेघ खाली जायला लागली. आधी पंधरा दिवसांनी तेल घालावं लागे, मग आठ, मग चार. पेट्रोल आणि तेलाच्या टंचाईची तेव्हा ओरड होती. तेलाचा सीलबंद डबा हवा तर पंपावर ओळख काढावी लागायची.

एका संध्याकाळी काडी खालच्या खुणेच्याही खाली निघाली. पाहुण्यांत एक डॉक्टर होते, दोन वकील होते. मी कोपऱ्यातल्या नळावर बादली भरत होतो.

"ड्रायव्हर, तेल कुठं जातंय?"

"बगतो सायेब."

"बघतो काय? खाली फरशीवर थेंब नाही. मागून धूर नाही. मग तेलाला पाय फुटतात, की कुणाचे हात लागतात?"

पाहुणे हसले. आबा मान खाली घालून उभे राहिले. चोरी न केलेल्या माणसानं असं उभं राहू नये, असं मला तेव्हा वाटलं. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती, आणि मी तसाच उभा होतो. म्हणजे मीही काही वेगळं केलं नाही.

"महिनाअखेरपर्यंत सांग तेल कुठं जातं ते," वकीलसाहेब म्हणाले. "नाही सांगता आलं, तर किल्ली ठेव आणि खोली मोकळी कर. आणि दुसरीकडं काम मिळेल या भ्रमात राहू नकोस. सोलापुरात गाड्या आहेत किती? ज्यांच्याकडं आहेत ते सगळे माझ्याकडं चहाला येतात."

डॉक्टर म्हणाले, "खरं आहे," आणि बिस्किट उचललं.

खोलीत आल्यावर मी आबांना म्हणालो, "तुमी बोलला का न्हाय?"

"काय बोलू? तेल कमी हुतंय ही खरंच हाय की."

"पण तुमी घेतलं न्हाय."

"मी घेतलं न्हाय ही मला म्हाईत हाय. त्यास्नी कुटं म्हाईत हाय?" मग ते म्हणाले, "चोर म्हणून निघालो तर मोहोळपातूर बातमी जाईल. त्येंचे निम्मे अशील आपल्याच भागातले हायती."

म्हणजे प्रश्न नोकरीचा होता, खोलीचा होता, पण सगळ्यात जास्त त्या शब्दाचा होता. तेल कुठं जातं हे दाखवलं नाही, तर तो शब्द आमच्या आधी गावात पोचणार होता.

मी विज्ञान शिकत होतो, त्यामुळं हे काम माझं आहे असं मी मनाशी ठरवलं. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन घर्षणावरचं प्रकरण काढलं. त्यात लिहिलं होतं की वंगणामुळं घर्षण कमी होतं. पुढं एक आकृती होती, आणि आकृतीच्या पुढं स्वाध्याय. इंजिन नावाची वस्तू माणसाच्या हाताला काळं करते याचा त्या पुस्तकाला पत्ताच नव्हता.

मग आबांबरोबर स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी बोनेट उघडलंसुद्धा नाही. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, "बुड्ढा इंजन हय, तेल पीताइच. खोलना पडेंगा."

मी हळूच म्हणालो, "पण इंजिन तेल जाळत असेल तर धूर निळा येतो ना? या गाडीचा येत नाही."

"कालेज में पढता क्या?"

"हो."

"फिर किताब में देख ले ना. मेरेकू कायकू पूछता?"

आबा हसले. त्यांच्या हसण्याचा मला मिस्त्रीच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला. सगळं इंजिन खोलायला वकीलसाहेब तयार होणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. परत येताना आबा एवढंच म्हणाले, "धुराचं मातुर तू बराबर बोललास."

मग मी जुनी वर्तमानपत्रं जोडून गाडीखाली अंथरली. सकाळी बघितलं तर दोन ठिपके, तेही शेंगदाण्याएवढे. वकीलसाहेब फिरायला निघाले होते. त्यांनी कागद बघितले आणि काठीनं एक ठिपका दाखवला.

"हे तुझं विज्ञान का? एवढ्या तेलात माशीचे पाय भिजणार नाहीत. बापाला सांग, पुरावा आणायचा तर जरा बरा आण."

मी कागद गोळा केले.

उत्तर सापडलं ते बंबापाशी. बंगल्याच्या परसात अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. तो पेटवायचं कामही आबांकडंच. पहिलं पाणी वकीलसाहेबांचं, मग घरातल्यांचं, उरलं तर आमचं. त्या दिवशी आबांना पहाटे गाडी घेऊन कुणाला तरी आणायला स्टेशनवर जायचं होतं, म्हणून बंब मी पेटवायला घेतला. लाकडं ओली होती. बंबाशेजारी एका डब्यात आबा सुताचे बोळे ठेवायचे. गिरणीतलं टाकाऊ सूत गाठोड्यानं मिळायचं, आणि आबा त्यानंच गाडी पुसायचे. पुसून काळे झालेले बोळे ते बंबात जाळत. फुकट कशाला टाकायचे, असा त्यांचा हिशेब. मी एक बोळा आत टाकला. भडका उडाला आणि काळा धूर वर गेला. दुसरा उचलला, तर तो हाताला जड लागला. पिळून बघितला. बोटांच्या फटीतून तेल ओघळलं आणि मनगटापर्यंत आलं.

मी डबा उपडा केला. सोळा बोळे निघाले. सगळे तसेच.

आबा परत आल्यावर मी विचारलं, "ही बोळं कुटली?"

"गाडी पुसल्याली."

"कुटनं पुसता?"

"खालनं. इंजन, खालचा पत्रा, समदं. मोहोळात सायेब कचेरीत गेलं की मी पोतं टाकून खाली शिरतो. हितं आलं की परत एकदा. फरशीवर थेंब पडल्याला सायबांस्नी खपत न्हाय."

"आन् ह्या बोळ्यांत तेल हाय ही तुमाला दिसलं न्हाय?"

"जुनी गाडी हाय. वली असतीच की खालनं."

मी बंबापाशीच खाली बसलो. ज्या तेलासाठी वकीलसाहेब आबांना चोर म्हणत होते, त्यातलं काही मोहोळच्या रस्त्यावर सांडत होतं आणि उरलेलं आबा स्वतःच्या हातानं पुसून बंबात घालत होते. रोज सकाळी त्याच तेलावर तापलेल्या पाण्यानं वकीलसाहेब अंघोळ करत होते. आणि आबांच्या टापटिपीमुळं गळतीची एकही खूण शिल्लक राहत नव्हती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वकीलसाहेबांपेक्षा आबांचीच जास्त चीड आली. वीस वर्षं एक गाडी पुसणारा माणूस आपण काय पुसतो आहोत हे बघतसुद्धा नाही, असं मनात आलं. ही चीड योग्य होती असं मी म्हणत नाही. पण ती होती.

मी म्हणालो, "आता मोहोळची फेरी हुईल तवा गाडी पुसायची न्हाय. अजाबात."

"पुसायची न्हाय?" त्यांनी असं विचारलं, जणू मी त्यांना कपड्याशिवाय बाजारात जायला सांगितलं होतं. "लोक काय म्हंतील?"

"लोक आत्ताच काय म्हंत्यात?"

ते डबा सरळ करून बोळे आत भरायला लागले.

पुढचे चार दिवस मी वर्गातल्या फळ्याखाली साचणारी खडूची भुकटी कागदात गोळा केली. मोहोळच्या फेरीच्या दिवशी सकाळी आम्ही इंजिन रॉकेलनं धुतलं, वाळू दिलं, आणि मी भुकटी पातळ फडक्यात बांधून इंजिनावर सगळीकडं झटकली. काळं इंजिन पांढरं झालं. जिथून तेल येईल तिथं भुकटी काळी पडेल, एवढी साधी कल्पना होती. आबा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"त्येचं काय लगीन हाय व्हय, पावडर लावाया?"

मी हसलो नाही. मला अजून राग होता.

गाडीत मला जागा नव्हती, आणि मी मागितलीही नाही. प्रॅक्टिकल बुडवून एस.टी.नं मोहोळला गेलो. आबा पुसणार नाहीत यावर माझा विश्वास नव्हता. कचेरीसमोर लिंबाखाली गाडी उभी होती. वकीलसाहेब आत गेले होते. आबा पोतं टाकून गाडीखाली शिरलेले, हातात कोरा बोळा.

"आबा."

"पुसलं न्हाय," ते खालूनच म्हणाले. "नुस्तं धरलंय. हात शिवशिवाय लागल्यात रं."

बोनेट उघडलं. पांढऱ्या इंजिनाची एक बाजू काळी झाली होती. खाली पसरट आणि वर निमुळती, पंख्याच्या वाऱ्यानं मागं ओढलेली. तेल खाली वाहतं आणि वाऱ्यानं मागं जातं, म्हणून ओल जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं असेल तिथं सुरुवात. मी बोट काळ्या कडेवरून वर नेत गेलो. बोट एका पातळ तांब्याच्या नळीपाशी थांबलं. ती इंजिनातून निघून आत ड्रायव्हरपुढच्या एका काट्याकडं जात होती. एका पकडीखाली ती घासून घासून चिरली होती.

"गाडी चालू करा."

इंजिन सुरू झालं. काही दिसलं नाही. आबांनी पायानं जोर दिला, इंजिन थरथरलं, नळी थरथरली, आणि त्या चिरीतून केसाएवढा तेलाचा फवारा उडाला. जोर कमी केला की बंद. म्हणून पोर्चमध्ये उभ्या गाडीखाली काही सापडत नव्हतं. ती गळायची फक्त रस्त्यावर, धावताना.

आबा उतरले आणि वाकून बराच वेळ बघत राहिले.

"ही तेलाच्या दाबाच्या काट्याची नळी," ते म्हणाले. "काटा दोन वरसं झाली बंद हाय. मी सायबांस्नी म्हणालो हुतो, दुरुस्त करू. ते म्हणालं, काटा कशाला, मी रोज काडी बघतोच. त्या दिसापास्नं मी बी हिकडं बगितलं न्हाय." मग त्यांनी खिशातला पाना काढला. "नळी काढतो आन् इंजनाचं भोक बोल्ट मारून बंद करतो. दोन मिनिटांचं काम हाय."

"न्हाय. आदी त्यांनी बघू द्या."

वकीलसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्याबरोबर सात-आठ अशील होते. त्यातले दोघे आमच्या ओळखीचे, शेजारच्या वस्तीवरचे. वकीलसाहेबांनी पांढरं इंजिन बघितलं.

"ही काय थेरं आहेत?"

मला जे नीट बोलायचं होतं ते पाठ केलं होतं, पण आवाज बारीक निघाला. मी म्हणालो, "साहेब, तेल इथून जातं. दाखवतो." आबांनी जोर दिला. फवारा उडाला. अशील पुढं सरकले. वकीलसाहेब कोट सांभाळत एक पाऊल मागं सरले.

माझी अपेक्षा फार नव्हती. बरं झालं सापडलं, एवढं म्हणाले असते तरी मला पुरलं असतं.

"मग इतके दिवस डोळे झाकून गाडी चालवत होतास का?" ते आबांना म्हणाले. "आणि एवढं तेल गळतं तर दिसलं का नाही कुठं? गेलं कुठं ते?"

आबांनी अगदी साधेपणानं उत्तर दिलं. त्यांच्या मनात काही खोच नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. "थोडं रस्त्यावर गेलं सायेब. बाकीचं मी पुसून बोळं बंबात जाळलं. तुमचं अंगुळीचं पाणी त्याच्यावरच तापत हुतं की."

शेजारच्या वस्तीवरचा म्हातारा आधी हसला. मग बाकीचे. वकीलसाहेबांचा चेहरा मी बघितला, आणि मला इतका आनंद झाला की त्याची थोडी लाजही वाटली. ते गाडीत जाऊन बसले. आबांनी नळी काढली, भोकात बोल्ट आवळला, आणि निघायच्या आधी अख्खं इंजिन स्वच्छ पुसलं. वकीलसाहेबांना थांबावं लागलं.

नंतर तेल हललं नाही. महिना संपेपर्यंत काडी वरच्याच खुणेला. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी तेच पाहुणे आले होते. मी खोलीच्या पायरीवर वाचत बसलो होतो, तिथून पोर्च दिसायचा. वकीलसाहेबांनी बोनेट उघडायला लावलं, काडी काढली, रुमालानं पुसली, पुन्हा घातली, काढली आणि डॉक्टरांसमोर धरली.

"बघा. वरच्या खुणेला. महिनाभर एक थेंब कमी नाही. या लोकांना जरा धाक दाखवला की तेल जागच्या जागी राहतं."

मी पुस्तक मिटलं. त्यांनी फवारा डोळ्यांनी बघितला होता. नळी, चीर, सगळं बघितलं होतं. तरी ते हे बोलले, आणि बोलताना त्यांना काही वाटलं नाही. माणूस अज्ञानी असला तर मी समजू शकतो, आम्ही सगळेच कशात ना कशात अज्ञानी आहोत. पण दिसलेलं खोटं पाडायचं, आणि तेही चहाबरोबर, एवढ्या क्षुद्र सुखासाठी. त्यांच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं मला एके काळी फार भारी वाटायची. त्या दिवसापासून वाटत नाहीत.

रुमाल पुढं आला. आबांनी तो घेतला नाही.

"सायेब, नळी फुटली हुती," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "तुमी मोहोळात बगितली. आट मानसांनी बगितली."

"बरं, बरं. झालं ना आता."

"झालं. पन मी चोरी केली न्हवती. हितल्या मानसांफुडं तेवडं सांगा."

वकीलसाहेब हसले. पाहुण्यांकडं बघून, बघा कसा बोलतो, अशा अर्थानं. मग म्हणाले, "अरे, तुला चोर कोण म्हणालं? काढून टाकलं का तुला? खोली काढून घेतली का? आणखी काय पाहिजे?"

आबांनी खिशातली किल्ली काढली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. "खोली उद्या मोकळी करतो."

"उद्या मोहोळला तारीख आहे."

"व्हय, म्हाईत हाय."

डॉक्टर चहाच्या कपात बघत होते. आबा माझ्याकडं चालत आले. मी उठून उभा राहिलो. खरं म्हणजे मला अभिमान वाटायला हवा होता, आणि तो वाटलाही, पण त्याच्या आधी माझ्या मनात दिवा आला. परीक्षा दोन महिन्यांवर होती. हे मी आबांना कधी सांगितलं नाही.

"मला वाटलं, तुमाला नोकरी टिकवायची हाय," मी म्हणालो.

"चोर म्हणून जायाचं न्हवतं," ते म्हणाले. "मोहोळात तेवडं झालं. आपल्याकडची मानसं हुती, ते बरं झालं."

आता ते वैरागच्या एका व्यापाऱ्याकडं मालट्रक चालवतात. मी तिघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. तिथंही दिवा आहे, पण तो चौघांचा.

किल्ली ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सामान बांधून झाल्यावर आबा दिसेनात. बघितलं तर पोर्चमध्ये पोतं टाकून गाडीखाली, हातात बोळा. मला ते मुळीच आवडलं नाही. मी तिथं उभा राहून म्हणालो की हे आता तुमचं काम नाही, लोक बघतायत, चला.

"आलो," ते खालून म्हणाले. "बोल्टापाशी जरा वली वाटत हुती." मग बाहेर येऊन त्यांनी बोळा माझ्यापुढं धरला. तो कोरडा होता. त्यांनी तो बंबाशेजारच्या डब्यात टाकला आणि आम्ही निघालो.